व्यवस्था आणि अव्यवस्था : एका सोप्या वाक्याची तपासणी

विज्ञान शिकवताना काही वाक्ये फार उपयोगी पडतात. ती छोटी असतात, चटकन लक्षात राहतात आणि उत्तरपत्रिकेत लिहिता येतात. ‘एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्थेचे माप, आणि निसर्गाचा ओढा नेहमी अव्यवस्थेकडे असतो’ हे असेच एक वाक्य. रसायनशास्त्राच्या वर्गात ते भेटते, वृत्तपत्रांच्या विज्ञान-सदरांत भेटते, व्याख्यानांतही भेटते. त्याच्या जोडीची उदाहरणेही ठरलेली आहेत : पिसलेले पत्ते, विस्कटलेले दप्तर, न आवरलेली खोली.

दुसरे एक वाक्य नव्या पदार्थांच्या शास्त्रावरील लेखांतून वारंवार वाचायला मिळते : ‘सूक्ष्म कण आपोआप एकत्र येतात आणि सुबक रचना तयार करतात.’ या घटनेला स्वयंरचना म्हणतात. ओपल या रत्नातील रंग, विषाणूंची कवचे, साबणाच्या रेणूंचे पुंजके ही तिची उदाहरणे.

ही दोन्ही वाक्ये एकाच विद्यार्थ्याच्या वहीत शेजारी शेजारी आली, तर काय होईल? विचार करणारा विद्यार्थी हात वर करील आणि विचारील, ‘सर, निसर्गाचा ओढा अव्यवस्थेकडे असेल तर हे कण सुबक रचनेकडे का जातात?’ प्रश्न रास्त आहे. त्याला नेहमी दिले जाणारे उत्तर असे : रचना तयार होताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे आजूबाजूची अव्यवस्था वाढते, कणांची जेवढी कमी झाली त्यापेक्षा बाहेरची वाढ जास्त असते, म्हणून हिशेब जुळतो. पाण्याचा बर्फ होतो त्या बाबतीत हे उत्तर बरोबर आहे. पण स्वयंरचनेचे एक असे उदाहरण आहे, की तिथे हे उत्तर लागूच पडत नाही. त्या उदाहरणाच्या कसोटीवर वरील दोन्ही वाक्ये घासून पाहावीत, असा या लेखाचा हेतू आहे. आमचा निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. पहिले वाक्य या कसोटीवर उतरत नाही. दुसरे अर्धे खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात ते वाचकाची दिशाभूल करते.

कसोटी : टणक गोळे

दूध, शाई, चिखलाचे गढूळ पाणी, धूर या सर्वांना आपण कलिल म्हणतो. एका माध्यमात दुसऱ्या पदार्थाचे बारीक कण तरंगत असतात. हे कण रेणूंपेक्षा खूप मोठे, पण डोळ्यांना एकेकटे दिसणार नाहीत एवढे लहान असतात. साधारण मिलिमीटरच्या दशलक्षांशापासून सहस्रांशापर्यंत.

आता एक आदर्श कलिल कल्पू. त्यातील सर्व कण अगदी गोल आणि एकाच मापाचे आहेत. ते एकमेकांना ओढत नाहीत, ढकलतही नाहीत. एकच बंधन आहे : एक गोळा दुसऱ्यात शिरू शकत नाही. कॅरमच्या सोंगट्या एकमेकींत शिरत नाहीत, तसेच. अशा गोळ्यांना टणक गोळे म्हणू.

येथे महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्यावी. आकर्षण नाही, त्यामुळे गोळे जवळ आले म्हणून ऊर्जा कमी होत नाही. प्रतिकर्षण नाही, त्यामुळे ते दूर गेले म्हणूनही काही फायदा नाही. तापमान आणि भांड्याचे आकारमान कायम असेल, तर गोळ्यांची कोणतीही मांडणी घ्या, तिची ऊर्जा तेवढीच. म्हणजे स्फटिक तयार झाला तरी बाहेर उष्णता टाकली जाणार नाही. ‘बाहेरची अव्यवस्था वाढली’ ही पळवाट येथे बंद आहे. अशा गोळ्यांनी सुबक रचना केलीच, तर ती केवळ त्यांची स्वतःची एन्ट्रॉपी वाढते म्हणूनच केली, असे म्हणावे लागेल.

मग ते रचना करतात का? १९५७ साली हा प्रश्न जाणकारांनाही अवघड होता. त्या वर्षी अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात भरलेल्या एका परिसंवादात यावर इतका खल झाला, की शेवटी चक्क मतदान घेण्यात आले. मते जवळजवळ निम्मी-निम्मी पडली. पदार्थविज्ञानातील प्रश्न मतदानाने सुटत नाहीत हे सर्वांना ठाऊक होते; पण त्या मतदानातून एवढे कळले, की ‘ओढा अव्यवस्थेकडे’ ही समजूत भल्याभल्यांच्या मनात किती खोल रुजली होती.

उत्तर दिले ते त्या काळच्या संगणकांनी. लिव्हरमोर येथे आल्डर आणि वेनराइट यांनी, आणि लॉस अलामॉस येथे वुड आणि जेकबसन यांनी, थोडेच गोळे घेऊन संगणकावर त्यांच्या हालचालींचे गणित केले. दोन्ही गटांचे निष्कर्ष १९५७ मध्येच प्रसिद्ध झाले : गर्दी पुरेशी वाढली की टणक गोळे स्फटिकासारखी शिस्तबद्ध मांडणी घेतात. पुढे १९६८ मध्ये हूव्हर आणि री यांनी नेमके आकडे काढले. भांड्याच्या आकारमानापैकी गोळ्यांनी व्यापलेला वाटा ४९.४ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर सर्व द्रव, ५४.५ टक्क्यांपेक्षा अधिक असेल तर स्फटिक. या दोहोंच्या मध्ये दोन्ही एकत्र नांदतात.

संगणकातील गोळे झाले. खरे गोळे काय करतात? १९८६ मध्ये प्यूझी आणि व्हॅन मेगन यांनी ॲक्रिलिक जातीच्या प्लॅस्टिकचे, मायक्रोमीटरहून लहान, एकसारखे गोळे घेतले. ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर रेणूंचा पातळ लेप होता. द्रवाचा अपवर्तनांक गोळ्यांच्या अपवर्तनांकाशी जुळेल असे द्रवांचे मिश्रण निवडले, म्हणजे नमुना दुधासारखा पांढरा न दिसता आरपार दिसावा. वेगवेगळ्या गर्दीच्या कुप्या भरून ठेवल्या. ठरावीक गर्दीच्या पुढच्या कुप्यांमध्ये चमचमणारे रंगीत स्फटिक दिसू लागले. त्यांच्या समोरासमोरील थरांवरून परतणारा प्रकाश रंग दाखवत होता. ओपलमध्ये रंग दिसतात तेही याच कारणाने. सँडर्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले होते, की रंगीत ओपल म्हणजे सिलिकाच्या एकसारख्या गोळ्यांची रचलेली रास आहे.

तेव्हा निकाल स्पष्ट आहे. जिथे ऊर्जेचा काहीही फायदा नाही, तिथेही कण शिस्तीत उभे राहतात, आणि तसे उभे राहिल्याने त्यांची एन्ट्रॉपी वाढते. स्फटिकाची एन्ट्रॉपी विस्कळीत द्रवापेक्षा जास्त! ‘एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था’ हे वाक्य येथे नुसते अपुरे पडत नाही, ते उलटे ठरते.

मैदानावरचा हिशेब

हे असे का होते, ते समजायला मोठे गणित लागत नाही. शाळेच्या कवायतीचे उदाहरण घेऊ. लहानशा मैदानावर तीनशे मुले आहेत. ती कशीही उभी राहिली तर कुणाचा हात कुणाच्या डोक्यावर आपटतो, कुणाला हलताही येत नाही. त्याच मैदानावर तीच मुले रांगांत, हाताच्या अंतरावर उभी केली, की प्रत्येकाला हात फिरवायला जागा मिळते. जागा तेवढीच, मुले तेवढीच. पण शिस्तीमुळे प्रत्येकाचे हालचालीचे स्वातंत्र्य वाढले.

गोळ्यांचेही तसेच आहे. संत्री विकणारा जशी रास रचतो, तशी रचना केली तर गोळे जास्तीत जास्त ७४ टक्के जागा व्यापू शकतात. याहून दाट रचना शक्य नाही असे केप्लरने १६११ मध्ये सुचवले होते. त्याची सिद्धता हेल्स यांनी १९९८ मध्ये मांडली, आणि संगणकाच्या साहाय्याने तिची काटेकोर तपासणी २०१४ मध्ये पूर्ण झाली. उलट, गोळे नुसते ओतले आणि माप हलवून, आपटून भरले, तर ते सुमारे ६४ टक्क्यांवर अडकून बसतात. ज्वारी मोजताना पायली आपटून भरणाऱ्याला ही मर्यादा हाताने माहीत असते.

समजा, भांड्यातील ५५ टक्के जागा गोळ्यांनी व्यापली आहे. ७४ टक्क्यांची शिस्तीची रचना सर्व बाजूंनी सारखी सैल करून ५५ टक्क्यांवर आणली, तर शेजाऱ्यांमधील अंतर किती पट होईल? ७४ भागिले ५५ याचे घनमूळ, म्हणजे सुमारे १.१०. प्रत्येक गोळ्याला शेजाऱ्यापर्यंत व्यासाच्या १० टक्के फट मिळाली. आता ६४ टक्क्यांची विस्कळीत रास तशीच सैल करा. ६४ भागिले ५५ याचे घनमूळ सुमारे १.०५. फट ५ टक्के. म्हणजे शिस्तीत राहिल्याने प्रत्येक दिशेला दुप्पट, आणि तिन्ही दिशा मिळून आठपट मोकळीक!

हाच हिशेब ४० टक्क्यांसाठी करून पाहावा. शिस्तीत २३ टक्के फट, विस्कळीत राशीत १७ टक्के. मोकळीक सुमारे अडीचपटच वाढली. दुसऱ्या बाजूला, शिस्त पत्करली की नुकसानही होते : विस्कळीत राहण्याचे प्रकार असंख्य, शिस्तीत राहण्याचे मोजके. गर्दी कमी असताना हे नुकसान मोकळिकीच्या फायद्यापेक्षा मोठे ठरते, म्हणून गोळे विस्कळीत राहतात. गर्दी वाढली की फायदा मोठा ठरतो, आणि पारडे फिरते. हा हिशेब ढोबळ आहे. पारडे नेमके कुठे फिरते ते त्यावरून निघत नाही. पण ते का फिरते, ते कळते. आणि अकरावीचा विद्यार्थी तो गणकयंत्रावर दोन मिनिटांत करू शकतो.

मग एन्ट्रॉपी कशाचे माप आहे? व्हिएन्नात बोल्ट्झमनच्या समाधीवर जे सूत्र कोरले आहे, त्यातच उत्तर आहे. एन्ट्रॉपी म्हणजे कणांना त्या अवस्थेत किती प्रकारांनी राहता येते, त्या संख्येचा लॉगरिथम, एका स्थिरांकाने गुणलेला. सूत्रात ‘प्रकारांची संख्या’ आहे, ‘पसारा’ नाही. विरळ वायूत, जिथे कणांना एकमेकांची अडचण नसते, तिथे जास्त प्रकार म्हणजेच जास्त पसारा. उदबत्तीचा वास खोलीभर पसरतो त्याचे स्पष्टीकरण म्हणून जुने वाक्य चालून जाते. चूक होते ती विरळ वायूचा नियम गर्दीला लावण्यात.

वाक्याचे मूळ आणि त्यावरचे उतारे

हे वाक्य कुणा गावंढळाने रचलेले नाही. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ आणि बोल्ट्झमन यांच्याच लेखनात अव्यवस्थेची भाषा आली. ती सर्वदूर पसरवण्यात श्रोडिंजरच्या ‘व्हॉट इज लाइफ?’ या १९४४ च्या छोट्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. सजीव ‘ऋण एन्ट्रॉपी’वर जगतात, ही त्यातील कल्पना अतिशय गाजली. पुस्तक सुंदर आहे आणि आजही वाचण्याजोगे आहे. पण त्याच पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत श्रोडिंजरने एक टीप जोडली. तिचा आशय असा, की केवळ भौतिकशास्त्रज्ञांसाठी लिहायचे असते तर आपण ‘मुक्त ऊर्जे’ची भाषा वापरली असती. ‘ऋण एन्ट्रॉपी’ हजारो लेखांत गेली. टीप मात्र पुस्तकातच राहिली. विज्ञानप्रसारात नेहमी असेच होते. आकर्षक शब्द प्रवास करतो, त्याच्या मर्यादा मागे राहतात.

या वाक्याविरुद्ध शिक्षकांमधूनच मोहीम उघडली ती लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटल कॉलेजातील रसायनशास्त्राचे अध्यापक फ्रँक लँबर्ट यांनी. १९९९ आणि २००२ मध्ये ‘जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन’मध्ये लिहिलेल्या लेखांत त्यांनी पिसलेले पत्ते आणि अस्ताव्यस्त खोल्या या उदाहरणांचा खरपूस समाचार घेतला. त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. पत्ते आपण पिसतो, खोली आपण विस्कटतो. टेबलावरची पुस्तके उष्णतेने स्वतः हलत नाहीत. तेव्हा पसारा झालेल्या खोलीचा रेणूंच्या एन्ट्रॉपीशी काही संबंध नाही. त्यांच्या या प्रयत्नांमुळे अमेरिकेतील अनेक पाठ्यपुस्तकांनी अव्यवस्थेची व्याख्या काढून टाकली.

लँबर्ट यांनी सुचवलेला पर्याय असा : एन्ट्रॉपी म्हणजे ऊर्जा किती पसरली आहे त्याचे माप. गरम चहा थंड होतो, बर्फ वितळतो, येथे हा पर्याय फार चांगले काम करतो, आणि शालेय पातळीवर तो अव्यवस्थेपेक्षा निश्चितच बरा. पण आमच्या मते तोही टणक गोळ्यांपुढे अडखळतो. द्रवातील आणि स्फटिकातील टणक गोळ्यांची गतिज ऊर्जा एकाच तापमानाला सारखीच असते आणि स्थितिज ऊर्जेचा प्रश्नच नाही. ऊर्जा येथे काही जास्त पसरली असे म्हणता येत नाही. वाढली ती जागेतली मोकळीक. एक सोपे वाक्य काढून दुसरे सोपे वाक्य बसवले, तर नवे वाक्यही कुठेतरी तुटणारच. म्हणून बोल्ट्झमनच्या मूळ व्याख्येपासून फार दूर न जाणे बरे : ‘राहण्याचे प्रकार किती?’ हा प्रश्न विद्यार्थ्याला प्रत्येक वेळी विचारायला लावावा.

‘आपोआप’ म्हणजे काय?

आता दुसरे वाक्य : ‘कण आपोआप रचना करतात.’ यातील ‘आपोआप’ हा शब्द दोन प्रकारे वाचला जातो. एक, बाहेरून कुणी कण उचलून जागेवर ठेवत नाही. हे खरे आहे. दोन, कुणी काहीच केले नाही तरी रचना होते. हे खरे नाही.

पहिली अट मापाची. कणांच्या मापात साधारण दहा टक्क्यांच्या आसपास फरक पडू लागला, की स्फटिक बनणे बिघडते. एकसारखे गोळे बनवणे हीच मोठी कला आहे. सिलिकाचे एकसारखे गोळे बनवण्याची स्टोबर, फिंक आणि बोन यांची रीत १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि प्रयोगशाळांतून रुळली. म्हणजे मेहनत नाहीशी झालेली नाही. ती जुळणीच्या जागेवरून कण घडवण्याच्या जागी गेली आहे. सुताराने खाचा-कुसू नेमके कापले की खिळा मारावा लागत नाही. पण खाचा आपोआप पडल्या, असे आपण म्हणत नाही.

दुसरी अट हालचालीची. चुकीच्या जागी अडकलेला कण तिथून सुटून दुसरी जागा शोधू शकला पाहिजे. हे काम ब्राउनीय गती करते : द्रवाचे रेणू कणाला सतत सर्व बाजूंनी धक्के देत असतात. पेराँ यांनी १९०८ पासून याच गतीचे मोजमाप करून रेणूंचे अस्तित्व पक्के केले. पाण्यात एक मायक्रोमीटर व्यासाचा कण स्वतःच्या व्यासाएवढा सरकायला सेकंदाचा साधारण चार दशांश भाग घेतो. व्यास वाढला की हा वेळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. मोहरीच्या दाण्याएवढा, म्हणजे एक मिलिमीटरचा कण घेतला तर व्यास हजारपट, वेळ शंभर कोटी पट. म्हणजे सुमारे बारा वर्षे, एक तप! स्वयंरचनेचा विषय सूक्ष्म कणांपुरता का येतो, याचे एक मोठे कारण या एका हिशेबात आहे. विटा स्वतःहून भिंत का बांधत नाहीत, तेही यातून कळते.

तिसरी अट सवडीची. गर्दी फार झाली, तर कणांना हलायलाच जागा उरत नाही. प्यूझी आणि व्हॅन मेगन यांच्या ५८ टक्क्यांच्या पुढील कुप्यांत नेहमीसारखे स्फटिक दिसले नाहीत. काचेसारखी गोठलेली विस्कळीत अवस्था राहिली. गंमत पुढेच आहे. चैकिन, रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये असे नमुने कोलंबिया या अंतराळयानातून पाठवले. पृथ्वीवर वर्षभर ठेवूनही जे नमुने काचरूपच राहिले होते, त्यांत वजनरहित अवस्थेत दोन आठवड्यांच्या आत स्फटिक तयार झाले. गुरुत्वाकर्षणासारखी, लेखात कुणी नावही न घेतलेली गोष्ट ‘आपोआप’च्या आड येत होती. ‘आपोआप’ या शब्दामागे परिस्थितीची किती मोठी यादी दडलेली असते, ते यावरून दिसते.

आणि चौथी गोष्ट : सगळ्याच स्वयंरचनेचे कारण एक नसते. तंबाखूच्या पानांवर मोझेइक रोग पाडणाऱ्या विषाणूचे उदाहरण घ्या. ३०० नॅनोमीटर लांबीच्या या काडीत प्रथिनाचे सुमारे २,१३० एकसारखे घटक आरएनएच्या धाग्याभोवती जिन्यासारखे रचलेले असतात. १९५५ मध्ये फ्रेंकेल-कॉनराट आणि विल्यम्स यांनी प्रथिन आणि आरएनए वेगळे केले, पुन्हा एकत्र मिसळले, आणि पानांना रोग पाडू शकणारा विषाणू परत मिळाला. येथे प्रत्येक घटकाला आपापली विशिष्ट बैठक आहे. टणक गोळ्यांना तशी काही नाही. तरीही एन्ट्रॉपी येथेही सुटलेली नाही. याच प्रथिनाचे द्रावण योग्य परिस्थितीत किंचित तापवले तर घटक जुळतात, आणि थंड केले तर सुटतात! लॉफर यांनी याचे कारण दाखवले : घटक जुळताना त्यांना चिकटलेले पाण्याचे रेणू मोकळे होतात आणि त्यांची एन्ट्रॉपी वाढते. आणि याच विषाणूच्या काड्या पाण्यात दाट झाल्या की एका दिशेला तोंड करून राहतात. काड्यापेटीत काड्या समांतर राहिल्या तरच त्यांना सरकायला वाव मिळतो, तसेच हे. ऑन्सागर यांनी १९४९ मध्ये त्याचे गणित मांडले, आणि तेही केवळ एन्ट्रॉपीच्या आधारावर. एकाच विषाणूच्या तीन रचना, आणि तिन्हींची कारणे वेगळी. ‘आपोआप’ हा एक शब्द तिन्हींवर पांघरूण घालतो.

वर्गातले तीन प्रयोग

शिक्षकांच्या हाती राहतात ते प्रयोग. त्यांचीही परीक्षा व्हायला हवी.

सायकलच्या बेअरिंगचे छर्रे सपाट, किंचित कललेल्या ताटात हलवले, की ते षटकोनी मांडणी घेतात. ठिपक्यांच्या रांगोळीतील एकाआड एक सरकवलेल्या ओळींसारखी ही मांडणी दिसते. प्रयोग स्वस्त आणि डोळ्यांना पटणारा आहे. पण ताट आपण हलवतो आणि छर्रे उतारामुळे एका बाजूला जमतात, हे सांगितलेच पाहिजे. ताटाचे हलणे ब्राउनीय गतीच्या जागी आहे, ती गती नव्हे. छर्ऱ्यांऐवजी मोहरी आणि वाटाणे मिसळून तोच प्रयोग करावा. मांडणी बिघडते, आणि मापाची अट वेगळी शिकवावी लागत नाही.

साबणाच्या पाण्यावर एकसारख्या बारीक बुडबुड्यांचा थर हा ब्रॅग आणि नाय यांचा १९४७ चा सुप्रसिद्ध प्रयोग. स्फटिकातील दोष आणि दोन स्फटिकांच्या सीमा दाखवायला याच्याइतका चांगला प्रयोग आम्हाला माहीत नाही. पण बुडबुडे पृष्ठताणामुळे एकमेकांना ओढतात. ही ऊर्जेने घडवलेली रचना आहे, एन्ट्रॉपीने नव्हे. टणक गोळ्यांचे उदाहरण म्हणून तो दाखवू नये.

तिसरा प्रयोग कवायतीचा. त्याला साहित्य लागत नाही, आणि ‘शिस्तीने मोकळीक वाढते’ हा मुद्दा मुलांच्या अंगवळणी पडतो. त्याची उणीव अशी, की मुलांना रांगेत उभे करणारे शिक्षक असतात. कणांना कुणी शिट्टी वाजवत नाही. ते धक्के खात, असंख्य मांडण्यांतून जात, ज्या तऱ्हेने राहण्याचे प्रकार सर्वाधिक, तिथे बहुतेक वेळ सापडतात. कणांना शिस्त ‘हवी’ असते, असे वाटू देऊ नये.

तिन्ही प्रयोग करावेत. प्रत्येकानंतर फळ्यावर दोन रकाने आखावेत : ‘हे खऱ्या कणांसारखे कशात आहे’ आणि ‘कशात नाही’. दुसरा रकाना विद्यार्थ्यांनी भरावा. आमच्या मते खरा धडा त्या दुसऱ्या रकान्यात आहे.

एवढा आटापिटा कशासाठी?

एक सोपे वाक्य थोडे चुकीचे असले म्हणून काय बिघडले, असे कुणी म्हणेल. बिघडते ते असे. ‘निसर्गाचा ओढा अव्यवस्थेकडे आहे’ हे पाठ झालेल्या विद्यार्थ्याला पुढे कुणी तरी सांगते, की मग जीवसृष्टीची उत्क्रांती शक्यच नाही, कारण ती दुसऱ्या नियमाविरुद्ध आहे. विद्यार्थ्याजवळ उत्तर नसते, कारण त्याच्या वहीतला नियम खरोखरच तसे म्हणतो. तोच विद्यार्थी उद्या वाचतो, की लवकरच यंत्रे आणि औषधे ‘आपोआप’ रचली जातील, कारखाने लागणार नाहीत. तेही त्याला खरे वाटते, कारण ‘आपोआप’चा अर्थ त्याला कुणी फोडून सांगितलेला नाही. एका वाक्याने तो जे शक्य आहे ते अशक्य मानतो, दुसऱ्याने जे कष्टाचे आहे ते फुकटचे मानतो.

हात वर करून प्रश्न विचारणारा तो विद्यार्थी आपल्या वर्गात असतोच. त्याच्या प्रश्नात १९५७ च्या परिसंवादातला प्रश्न आहे. त्याला ‘पुस्तकात तसे दिले आहे’ असे सांगून खाली बसवणे सोपे आहे. त्याऐवजी त्याला ७४, ६४ आणि ५५ हे तीन आकडे द्यावेत आणि घनमूळ काढायला सांगावे. एवढ्याने त्याला उष्मागतिकी समजेल असा आमचा दावा नाही. पण नियम कशाची मोजणी करतो, ते त्याने स्वतः एकदा मोजून पाहिलेले असेल.